शिंग कमी पडलं, पेन तर करायचंच होतं

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही आणि व्हिसाचं रडगाणं तर अजिबात नाही. आज पेन. हाताने केलेलं पेन, आणि तेही हरणाच्या शिंगाचं. मागे एका भागात मी ओझरतं बोलून गेलो होतो की वीकेंडला मी लेथवर पेनं कातत बसतो. त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं, एकदा सांगूनच टाकू. पण पहिल्यापासून सगळं शिकवायला बसलो तर तुम्ही मला दुप्पट स्पीडवर ऐकणार, माहितीये मला. म्हणून एकच किस्सा सांगतो. शिंग मापाला कमी पडलं, आणि दुसरं आणायची सोय नव्हती. मग काय केलं, ते.

'कातणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लेथवर लाकूड फिरवून लाटणं, पाळण्याचे खांब, भोवरे करणारे कातारी आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. पेन कातणं म्हणजे तेच काम, फक्त माप छोटं आणि चूक मोठी.

मी सध्या मिनेसोटात असतो, मिनियापोलिसच्या जरा बाहेर. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं अगदी घरामागच्या झुडपांत येतात, बायकोने लावलेली फुलझाडं खातात आणि आपल्याकडेच रागाने बघतात. या हरणांमधल्या नरांची शिंगं दरवर्षी हिवाळ्यात आपोआप गळून पडतात आणि पुढच्या काही महिन्यांत नवी उगवतात. बर्फ वितळलं की इथले लोक जंगलात ही गळलेली शिंगं शोधायला निघतात. कुणाला मारावं लागत नाही, काही नाही. फक्त चालायचं आणि खाली बघायचं. अर्थात कुठेही जाऊन उचलता येत नाहीत, नॅशनल पार्कमध्ये तर मनाईच आहे.

आता मराठीत आपण बैलाचंही शिंग म्हणतो आणि हरणाचंही. पण दोन्ही वेगळी. बैलाच्या, म्हशीच्या शिंगाचं बाहेरचं कवच आपल्या नखासारख्या पदार्थाचं असतं आणि ते जन्मभर टिकतं. हरणाचं शिंग म्हणजे चक्क हाड. ज्यांच्या आजीच्या डब्यात सांबरशिंगाचा तुकडा होता, सहाणेवर उगाळून लेप लावायचा, त्यांनी हे हाड हातात घेतलेलं आहे. आडवं कापलं तर बाहेरची कड हस्तिदंतासारखी घट्ट दिसते, आणि आत चांगला जमलेला अनारसा असतो ना, तशी जाळी. पेन करताना सगळी भांडणं या जाळीशी होतात.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी मेळघाटातून मेसेज करेल. भारतात हे करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चितळ, सांबर यांची शिंगं येतात. जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग दिसलं तरी ते उचलून घरी आणायचं नाही, विकत घ्यायचं नाही, विकायचं नाही. मीसुद्धा इथलं शिंगाचं पेन भारतात येताना बॅगेत टाकत नाही. बाबांना दिलं ते शिसवाचं. तुम्हाला हात साफ करायचा असेल तर शिसव, बाभूळ, आंबा, काहीही घ्या. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं वेड्यावाकड्या लाकडालाही लागू पडतं.

तर, किस्सा.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ऐंशीच्या आसपास, एकटे. मी मनात त्यांना आजोबाच म्हणतो, तोंडावर नावाने, इथल्या पद्धतीप्रमाणे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक शिंग ठेवलेलं असायचं. लहानसंच, मधला मुख्य दांडा आणि वर आलेली तीन टोकं. ते त्यांच्या बायकोला सापडलं होतं, दोघं फिरायला गेलेले असताना, घरामागच्या ओढ्याजवळ. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. एक दिवस आजोबा माझ्या गॅरेजमध्ये आले, लेथकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "या शिंगाची तीन पेनं होतील का? दोन मुलींना दोन, एक मला."

मी म्हटलं, होतील की. हे असं पटकन 'होईल की' म्हणणं ही आपली जुनी सवय आहे. मॅनेजरला एस्टिमेट देतानाही मी हेच करतो.

मग त्यांनी एका टोकावर बोट ठेवलं. तिथे बारीक बारीक समांतर चरे होते, दोन-दोनच्या जोडीने. उंदीर आणि खारी कॅल्शियमसाठी पडलेली शिंगं कुरतडतात, त्यांच्या दातांच्या खुणा. आजोबा म्हणाले, "तिला हे फार आवडायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची. माझ्या पेनात हे राहिलं तर बघ."

इथे थोडं माप सांगावं लागेल, कारण सगळा घोळ मापातच झाला. मी जे साधं फिरवून उघडायचं पेन करतो, त्याला स्लिमलाइन म्हणतात. त्याचं किट मिळतं: पितळेच्या दोन नळ्या, टोक, क्लिप, फिरणारी यंत्रणा आणि रिफिल. नळी ७ मिलिमीटर जाड, साधारण ५३ मिलिमीटर लांब. शिंगाच्या तुकड्याला लांबीतून ७ मिलिमीटरचं भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, तो तुकडा लेथवर चढवायचा आणि बाहेरून कातायचं. दोन्ही टोकांना व्यास साधारण ८.४ मिलिमीटर यावा लागतो, म्हणजे किटच्या धातूच्या भागांशी सपाट जुळतो. थोडक्यात, टोकाशी शिंगाची भिंत पाऊण मिलिमीटरसुद्धा उरत नाही. मध्ये पेन कितीही जाड ठेवा, ती तुमची हौस.

तीन पेनं म्हणजे सहा तुकडे. पाच तुकडे मुख्य दांड्यातून आणि दोन टोकांतून निघाले, नीट. सहावा तुकडा ते उंदरांचं टोक.

टोक वाकडं असतं. आता वाकड्या दांड्यातून सरळ भोक पाडायचं तर किती जाडी हाताशी येते, याचं गणित सोपं आहे: दांड्याच्या जाडीतून त्याचा बाक वजा करायचा. तुकडा टेबलावर आडवा ठेवला, बाक बाजूला येईल असा, आणि दोन टोकांना पट्टी टेकवली, तर मध्ये पट्टीपासून शिंग जितकं लांब राहतं तो बाक. माझ्या तुकड्यात तो ३ मिलिमीटर होता. व्हर्नियर कॅलिपर लावला, जाडी १३. तेरातून तीन गेले, दहा. हवेत ८.४. म्हणजे दीड मिलिमीटर शिल्लक. मी खूश.

मंडळी, शिंग गोल नसतं हो. अंडाकृती असतं. मी कॅलिपर लावला तो रुंद बाजूला. बाक होता अरुंद बाजूला, आणि तिथे जाडी होती ११. अकरातून तीन गेले, आठ. म्हणजे ड्रिल सुरू करण्याआधीच तुकडा मापाला कमी होता आणि मला पत्ता नव्हता. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये सर ओरडायचे, कॅलिपर दोन दिशांनी लावा रे, जॉब फिरवून मापा. चार वर्षांच्या बीटेकमध्ये तेवढं एक वाक्य मला खरोखर उपयोगी पडलं असतं, आणि नेमकं तेच मी विसरलो.

शिंगात ड्रिल करताना वास येतो, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा. हाडच ते. हळू करायचं, पाच-सहा मिलिमीटर आत जायचं, बाहेर काढायचं, भुसा साफ करायचा, पुन्हा. घाई केली की तापतं, तापलं की तडकतं. मी सगळं शिस्तीत केलं. अर्ध्यावर आल्यावर आवाज बदलला. घुर्र असा येत होता, तो थोडा फाटला. थांबवून बघितलं तर बाकाच्या आतल्या बाजूला, मधोमध, ड्रिलचं पातं बाहेर डोकावत होतं. भाताच्या दाण्याएवढी फट. पातं सरळ मागे काढलं असतं तर तेवढ्यावरच निभावलं असतं, पण मी म्हटलं आता आलोच आहोत तर पूर्ण करू. पूर्ण केलं तेव्हा ती फट १२ मिलिमीटर लांब झाली होती.

दातांच्या खुणा बाकाच्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्या शाबूत राहिल्या, हे नशीब.

त्या रात्री मी कोडमध्ये चूक झाल्यावर जे करतो तेच केलं. आधी कुणालाच काही सांगितलं नाही आणि इंटरनेटवर शोधत बसलो. इथे फरक एवढाच की मागच्या व्हर्जनवर जाता येत नव्हतं. ते शिंग जगात एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "जाऊन सांग ना त्यांना. लपवून काय करणारेस?" गेलो. तुकडा रुमालात गुंडाळून नेला, का ते मलाही माहीत नाही. आजोबांनी तो उलटसुलट करून बघितला. पहिला प्रश्न, "खुणा आहेत ना?" आहेत, म्हटलं. "मग अजून गेलेलं नाही," म्हणाले, आणि कॉफी ठेवायला उठले.

आता दुरुस्तीकडे येऊ. सरावासाठी मला शिंग हवं होतं, आणि ते कुठे मिळालं माहितीये? पेट शॉपमध्ये. इथे हरणाच्या शिंगाचे तुकडे कुत्र्यांना चघळायला विकतात. दोन वाकडे तुकडे घेऊन आलो, मुद्दाम बाजूने फट पाडली आणि एकेक उपाय करून बघायला लागलो. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे: खऱ्या तुकड्याला हात लावायच्या आधी रद्दी तुकडा तसाच बिघडवा आणि तो दुरुस्त करा.

पहिला उपाय, शिंगाचाच भुसा आणि फेविक्विक. ते जे रसायन आहे त्याला इथे सगळे सीए म्हणतात, आपल्यासाठी ते फेविक्विकच. पातळ, मध्यम, घट्ट अशा प्रकारांत मोठ्या बाटल्या मिळतात. फटीत भुसा दाबायचा, वर पातळ सीए सोडायचा, तो भुश्यात झिरपून दगड होतो. जाळीची बारीक छिद्रं भरायला याच्यासारखं दुसरं काही नाही, मी प्रत्येक शिंगाच्या पेनाला करतो. पण भुसा गोंदात भिजला की काळपट होतो. छिद्र असेल तर ते शिंगाचाच ठिपका वाटतं. १२ मिलिमीटरची फट असेल तर भिंतीवर ओल आल्यासारखी दिसते. आणि लवकर सुकावं म्हणून वरून ॲक्सिलरेटरचा फवारा जास्त मारला की पांढरा फेस धरतो, तो वेगळाच.

दुसरा, सीएचेच थरावर थर. टोकाशी शिंग केसभर कमी असेल, धातूशी जुळताना बोटाला पायरी लागत असेल, तर हा उपाय चालतो. प्रत्येक थर अगदी पातळ, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. एक-दोन दशांश मिलिमीटर यातून भरून निघतात. त्याहून जास्त खड्डा असेल तर संध्याकाळभर गोंदाचा वास घेत बसाल आणि शेवटी तो थर टवका होऊन निघेल.

तिसरा, ठिगळ. त्याच शिंगाच्या उरलेल्या चकतीतून पातळ काप काढायचा, कानशीने घासून बाकावर बसवायचा, एपॉक्सीने म्हणजे आपल्या अराल्डाइटच्या भावंडाने चिकटवायचा. हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं होतं. सरावाच्या तुकड्यावर बसलंही छान. कातताना मात्र काप इतका पातळ उरला की आतलं पितळ त्यातून पिवळं दिसायला लागलं. पातळ शिंगातून उजेड जातो, म्हणून नळीला आधी पांढरट रंग द्यायचा असतो. सरावात मी दिला नव्हता. पण खरी अडचण दुसरीच होती. ठिगळ लावून पेन साधारण १० मिलिमीटरचं झालं असतं, आणि खुणा होत्या शिंगाच्या बाहेरच्या कातडीवर. पेन बारीक ठेवायचं म्हणजे खुणा कातून टाकायच्या. म्हणजे पेन वाचणार आणि ज्याच्यासाठी करायचं तेच जाणार.

इथे मी कागदावर पुन्हा गणित मांडलं. या वेळी दोन्ही दिशांनी मापून. भोकाच्या मध्यापासून त्या खुणा असलेली बाहेरची कड किती लांब? ७ मिलिमीटर. म्हणजे खुणा ठेवायच्या तर मध्ये पेन किमान १४ मिलिमीटर जाड हवं. आणि समोरच्या, फट पडलेल्या बाजूला शिंग मध्यापासून जेमतेम ४ मिलिमीटर होतं. उरलेले तीन-साडेतीन मिलिमीटर कशाने तरी भरायला हवेत.

रेझिन. शिंग पूर्णच्या पूर्ण रेझिनमध्ये बुडवून ओतीव ठोकळा करायचा आणि मग तो कातायचा. मग शिंग कुठे पुरतं आणि कुठे कमी पडतं याची चिंताच नाही, जिथे कमी पडेल तिथे रेझिन. लोक यात निळे-हिरवे चमकदार रंग घालतात. मला स्वतःला ते बघून लग्नातल्या स्टेजची आठवण होते, पण ज्याची त्याची आवड. मी आजोबांना रंगाचे नमुने दाखवायला नेले. ते म्हणाले, "रंग कशाला? मला आत काय आहे ते बघायचंय." ठरलं, पारदर्शक.

पारदर्शक म्हणजे लपायला जागा नाही. प्रत्येक बुडबुडा दिसणार. रेझिन ढवळताना हवा शिरते, आणि शिंगाची जाळी तर हवेनेच भरलेली. ती हवा रेझिन घट्ट होत असताना बाहेर येते आणि सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे तिथल्या तिथे गोठतात. यावर उपाय म्हणजे प्रेशर पॉट. कुकरसारखं जाड भांडं, त्यात साचा ठेवायचा, झाकण आवळायचं आणि कॉम्प्रेसरने साधारण ४० पीएसआय दाब द्यायचा. बुडबुडे जात नाहीत, दाबाने इतके लहान होतात की दिसत नाहीत. रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब तसाच ठेवायचा, मध्येच सोडला की ते पुन्हा फुगतात. आणि कृपा करून घरातल्या कुकरवर हा प्रयोग करू नका. भांडं तेवढ्या दाबासाठीच बनवलेलं हवं. माझ्याकडे नव्हतं. इथल्या एका सुतारकामाच्या क्लबात आहे, तिथे शनिवारी बसता येतं.

तयारीला चार दिवस गेले आणि खरं काम तेच होतं. नळीला पांढरट रंग दिला, म्हणजे फटीतून पितळ चमकणार नाही. वाळल्यावर नळी एपॉक्सीने आत बसवली. जिथे जिथे जाळी उघडी होती तिथे पातळ सीए पाजला, हवा आतच बंद राहावी म्हणून. बाकीच्या पृष्ठभागाला १५० नंबरचा पॉलिशपेपर मारला, कारण गुळगुळीत शिंगाला रेझिन धरत नाही. खुणांवर मात्र पॉलिशपेपर चालणार नव्हता. तिथे जुना टूथब्रश आणि अल्कोहोल, हळूहळू. त्या चऱ्यांमधून काळी माती निघाली. ओढ्याकाठची असणार. ती पुसताना मला वाटलं, ही काढायला हवी का? पण मातीवर रेझिन चिकटत नाही. काढली. सगळी निघाली नाही, दोन चऱ्यांत अजून आहे.

मग नळीची दोन्ही तोंडं मातीच्या गोळ्याने बंद केली, मुलांच्या खेळण्यातल्या, म्हणजे रेझिन आत जाणार नाही. प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा साचा म्हणून घेतला, आतून मेण लावलं, तुकडा मधोमध उभा केला, हळू धार सोडून रेझिन ओतलं. पॉटमध्ये ठेवला, दाब दिला, एक दिवस. रेझिन पटकन घट्ट होणारंही मिळतं, पण त्यातले काही प्रकार ओलाव्याला वाईट रिॲक्ट होतात, फेसाळतात. शिंग कितीही वाळलेलं वाटलं तरी मी तो धोका घेतला नाही. हळू होणारं एपॉक्सी घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाइप कापून काढला. आत एक जाड, धुरकट कांडी. शिंग नीट दिसतसुद्धा नव्हतं. बाहेरून घासल्याशिवाय पारदर्शकपणा येत नाही हे माहीत असूनही पोटात गोळा आला.

कातताना एक गंमत होते. हाड कडक, रेझिन मऊ. हत्यार एका फेरीत दोन्हीवरून जातं, त्यामुळे ते हातात थडथडतं. हत्यारला ताजी धार लावायची आणि केस काढल्यासारखा पातळ काप घ्यायचा. दर थोड्या वेळाने मी लेथ बंद करून टॉर्च लावून बघत होतो, खुणांच्या वर अजून किती थर आहे. १५ मिलिमीटरवर थांबलो. खुणांवर अर्धा मिलिमीटर रेझिन. टोकांकडे उतार देत ८.४. ही धूळ हाडाची असते, रुमाल बांधून भागत नाही, नीट फिल्टरचा मास्क लागतो. मी सुरुवातीला एकदा आळस केला होता, दोन दिवस खोकलो.

हा जाड भाग मी पेनाच्या खालच्या अर्ध्याला ठेवला, बोटं धरतात तिथे. वर ठेवला असता तर क्लिप आडवी आली असती. वरचा अर्धा बारीक, खालचा जाड, त्यामुळे पेन थोडं लिंबू गिळलेल्या सापासारखं दिसतं. खोटं कशाला बोलू. पण हात आखडलेल्या माणसाला जाड पेन धरायला सोपं जातं, आणि आजोबांची बोटं आखडलेलीच आहेत.

पॉलिश केल्यावर ते समोर आलं. एका बाजूला तपकिरी शिंग आणि त्यावरचे ते जोडीजोडीचे चरे, अगदी भिंगाखाली ठेवल्यासारखे. पेन फिरवलं की दुसऱ्या बाजूला काचेसारखा जाड थर, त्याच्या तळाशी माझी फट, आणि फटीतून पांढरट नळी. माझी चूक अशी शोकेसमध्ये मांडली गेली.

तिन्ही पेनं घेऊन गेलो. मुलींची दोन त्यांनी बघितली, छान म्हणाले, डब्यात ठेवली. तिसरं हातात घेतलं, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याचं नख त्या खुणांवरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. म्हणाले, "लागत नाही."

मी याचा विचारच केला नव्हता. खुणा दिसाव्यात म्हणून मी एवढा आटापिटा केला, पण त्यांच्या बायकोने ज्यांना ज्यांना ते शिंग दाखवलं होतं त्या प्रत्येकाचं बोट धरून त्या चऱ्यांवरून फिरवलं होतं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, वरचा थर घासून खुणा उघड्या करता येतील, पण मग त्या हळूहळू झिजतील, घाम लागेल, मळतील. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "उरलेले तुकडे आहेत का?" होते. त्याच टोकाचा, भोक न पाडलेला, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा होता, त्यावर दोन चरे होते. तो आता खिडकीत आहे, जिथे शिंग होतं तिथेच.

पेनाने त्यांनी पहिल्यांदा फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं. दूध, अंडी, बल्ब. रिफिल सुरुवातीला चाललं नाही, तीनदा गिरवावं लागलं. बल्बच्या खाली एक गिरगटा अजून दिसतो.

ज्यांना लाकडावर हे करून बघायचंय त्यांनी मेसेज करा, मी मापांचा फोटो पाठवतो. आणि कॅलिपर दोन्ही बाजूंनी लावा रे बाबांनो. चला, भेटू पुढच्या भागात.